कुणी विचारू नये म्हणून

ललितची अट एकच होती आणि ती त्यानं बडनेऱ्याच्या फलाटावर, सायकली गाडीत चढवतानाच घातली होती. कुणीही विचारलं, कुठले तुम्ही, तर अमरावतीचं नाव काढायचं नाही. अकोला नाही, यवतमाळ तर मुळीच नाही. सरळ नाशिक सांगायचं. नाशिकला द्राक्षं असतात, कुंभमेळा असतो. माणसं 'वा वा' म्हणतात आणि आपल्या कामाला लागतात.

"काहून बे? आपलं गाव लपवाले आपन काय चोरी केली?" अरीबनं विचारलं होतं.

"चोरी नाही केली. सुट्टी घेतली. मले सुट्टी पायजे."

अरीबनं मग जास्त ताणलं नाही, कारण त्याला ठाऊक होतं. ललित नांदगाव खंडेश्वर तालुक्यात तलाठी होता. साल दोन हजार सहा. वऱ्हाडात त्या वर्षी पेपर उघडला की पहिल्या पानावर आकडा असायचा, आणि त्या आकड्यातला एखादा माणूस ललितच्या गावांपैकी कुठल्या तरी गावचा असायचा. शेतकऱ्यानं जीव दिला की पोलिसांच्या मागून तलाठ्यानं जायचं, घरच्यांचे जबाब घ्यायचे, जमीन कुणाच्या नावावर, पीत होता का, घरात भांडण होतं का ते विचारायचं, अहवाल वर पाठवायचा. मदत मिळणार की नाही ते वरचे ठरवत, पण अंगणात जाऊन बसायचं ते ललितनं. शेवटी शेवटी असं झालं, की त्याची स्कूटर गावात शिरली की बाया दारं ओढून घ्यायच्या. तो साधा पीकपाहणीला आलेला असला तरी. एकदा तर एका म्हातारीनं त्याला पाहून, "कोनाच्या घरी रे बाप्पा?" असं ओरडून विचारलं, आणि तो खरं तर तिच्या जावयाला जातीच्या दाखल्याची सही द्यायला आला होता.

म्हणून ही रजा. आठवडाभर सायकलवरून समुद्राच्या काठानं हिंडायचं आणि त्या एका विषयावर एका माणसानंही एक शब्द विचारायचा नाही. बाकी काही नको. समुद्र दोघांनीही पाहिलेला नव्हता, पण समुद्रापेक्षा ललितला ती शांतता हवी होती.

अरीब त्याचा कॉलेजपासूनचा दोस्त. वलगावला त्याच्या वडिलांचं, उस्मानभाईंचं गादीघर होतं. रुई पिंजायची, गाद्या भरायच्या. निघताना उस्मानभाईंनी एक पातळशी गादी गुंडाळून अरीबच्या काळ्या सायकलीच्या कॅरिअरला दोरीनं घट्ट बांधली होती. "परदेसात फरशीवर झोपसान अन् कंबर धरून येसान," म्हणाले होते. ललितची सायकल मात्र गिअरची, एका डॉक्टरच्या पोरानं दोन महिने चालवून कंटाळून विकलेली. दोघांचा हिशेब असा, की पाणी सपाट असतं, तेव्हा पाण्याच्या काठचा रस्ताही सपाटच असणार. पूर्णेचा काठ नाही का सपाट? कोकणात उतरल्यावर पहिल्याच दिवशी त्या हिशेबाचे तीन तेरा वाजले. रस्ता समुद्राला भेटायला खाली जायचा आणि भांडण झाल्यासारखा लगेच वर डोंगरात पळायचा. अरीबला चढावर उतरून सायकल ढकलावी लागे आणि ढकलताना तो गादीला शिव्या देई.

शांततेचं म्हणाल, तर तीही पहिल्या दिवसापासून हातची गेली होती. मुरूडला लॉजवाल्यानं विचारलं. होडीतल्या तिकीटवाल्यानं विचारलं. सगळीकडे अरीब इमानानं 'नाशिक' सांगायचा आणि दुसऱ्याच वाक्याला, "मले जरासं पानी भेटन का?" म्हणून सगळं घालवायचा. मग समोरच्याचा चेहरा मऊ व्हायचा, मान तिरकी व्हायची. ललितला ती तिरकी मान आता दुरूनच ओळखू यायला लागली होती. मान तिरकी झाली की पाठोपाठ तो प्रश्न.

आजचा दिवस तरी कोरा जावा असं त्यानं सकाळी दिवेआगरहून निघतानाच ठरवलं. बेत साधा होता. शेखाडीवरून किनाऱ्याकिनाऱ्यानं श्रीवर्धन, तिथून हरिहरेश्वर, आणि अंधार पडायच्या आत बागमांडल्याच्या धक्क्यावरून होडीनं खाडी ओलांडून पलीकडे. पलीकडे रत्नागिरी जिल्हा लागतो. ललितच्या मनानं का कोण जाणे असं घेतलं होतं, की खाडी ओलांडली की आपण त्या प्रश्नाच्या टप्प्याबाहेर जाऊ.

"आज तू बोलूच नोको," त्यानं अरीबला बजावलं. "मुका आहे म्हनून सांगतो तुले."

"अन् भूक लागली तं?"

"हातानं दाखव."

पहिल्याच चहाच्या टपरीवर अरीबनं खरंच हातानं दोन कप दाखवले. टपरीवाला काही बोलला नाही. ललितला बरं वाटलं. तेवढ्यात बाकड्यावर पेपर वाचत बसलेले एक गुरुजी उठून सायकलींभोवती फिरले, गादी चाचपून पाहिली आणि म्हणाले, "प्रवास लांबचा दिसतो. कुठून?"

"नाशिकहून," ललित म्हणाला.

"नाशकात कुठे? माझी बहीण आहे पंचवटीत."

ललितनं नाशिक उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तो चहाकडे बघत राहिला. ही वेळ बघून अरीबला कंठ फुटला. "जाऊ द्या ना गुरुजी, खोटं काहाले बोलू. आमी अमरावतीचे. हा माह्या दोस्त, याले सांगाले आवडत नाही."

गुरुजींची मान तिरकी झाली.

"विदर्भ!" ते हळू आवाजात म्हणाले. "अरे अरे अरे. काय चाललंय हो तुमच्याकडे? पंतप्रधानांचं पॅकेज पोचलं का लोकांपर्यंत? रोज वाचतो हो मी. आमच्या शाळेत मुलांनी तक्ता केलाय भिंतीवर. आणि तुम्ही त्यासाठीच निघालात ना? सायकलवरून? जनजागृती?"

"नाही," ललित म्हणाला. "फिराले निघालो. मजेसाठी."

गुरुजींनी हे ऐकलंच नाही, किंवा ऐकून ते विनय समजून बसले. सत्कार्य करणारे लोक असंच म्हणतात, असा त्यांचा अनुभव असावा. शाळा इथेच होती, रस्त्याला लागून, आणि प्रार्थनेची वेळ होती. ललित नाही म्हणत होता आणि गुरुजींनी त्याची सायकल हँडलला धरून शाळेच्या पटांगणात नेलीसुद्धा. सायकल गेली म्हटल्यावर मालकाला मागून जावंच लागतं.

पटांगणात पोरांच्या रांगा लागल्या होत्या. दोघांच्या हातात एकेक नारळ आला. गुरुजींनी 'विदर्भातून आलेले दोन शेतकरीपुत्र' अशी ओळख करून दिली. अरीबच्या सात पिढ्यांत कुणी शेतकरी नव्हतं, पण तो नारळ छातीशी धरून चांगला लाजला. मग गुरुजी म्हणाले, "मुलांनो, त्या सर्व शेतकरी बांधवांसाठी आपण दोन मिनिटं शांत उभं राहू या."

सगळी शाळा खाली मान घालून उभी राहिली. समुद्राचा आवाज मागून येत होता. ललितला हवी होती ती शांतता हीच, आणि ती ह्या अशा भावात मिळाली म्हणून त्याचं डोकं तापून निघालं. तो मान खाली घालून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांसमोर नको असताना एकामागून एक अंगणं येत होती. तुळशीवृंदावनाचं, शेणाच्या सड्याचं, एका ठिकाणी अजून उन्हात पसरलेल्या मिरच्यांचं. त्या मिरच्या उचलायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्याला रडू येत नव्हतं. राग येत होता, आणि रागवायचं कुणावर ते समजत नव्हतं. गुरुजी भला माणूस होता. हाच तर सगळा वांधा होता.

"आता आपले पाहुणे दोन शब्द बोलतील," गुरुजी म्हणाले.

ललितनं सायकल उचलली आणि पटांगणातून चालता झाला. अरीब मागून, "याची तब्येत बरोबर नाही जी," म्हणत, हात जोडत, दोन्ही नारळ सांभाळत पळत आला आणि टपरीपाशी उभी असलेली आपली सायकल त्यानं घेतली.

शेखाडीच्या पुढे रस्ता समुद्राला इतका चिकटून जातो की लाटेचे शिंतोडे अंगावर येतात, पण ललितला ते दिसलं नाही. तो पायडल मारत राहिला. एका वळणावर खाली लांबच लांब मोकळा किनारा लागला. माणूस नाही, टपरी नाही. वर सुरूची झाडं आणि खाली वाळू. त्यानं ब्रेक दाबला.

"इथे थांबू. इथे कोनी नाही."

वरची वाळू भुसभुशीत होती, चाकं रुतत होती. पण खाली, पाणी मागे सरकून गेलं होतं तिथली ओली वाळू सिमेंटच्या रस्त्यासारखी टणक. ललित सायकलवर बसला आणि त्या वाळूवरून सुटला. चढ नाही, उतार नाही, खड्डा नाही. वारा पाठीमागून. अरीब मागून आरोळ्या ठोकत आला, त्याची गादी कॅरिअरवर डुलत होती. दोघं किनाऱ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले आणि पुन्हा गेले. चार दिवसांत पहिल्यांदा ललित हसला. ह्यासाठीच तर आलो होतो, त्याला वाटलं. बस, एवढंच.

मग त्यांनी त्याच टणक वाळूत सायकली स्टँडवर उभ्या केल्या. स्टँड रुतत नव्हता, जागा सपाट होती, ह्याहून चांगली जागा कुठली? वर सुरूच्या सावलीत जाऊन त्यांनी नारळ फोडले, खोबरं खाल्लं आणि पसरले. गादी सोडून आणायचा अरीबला कंटाळा आला. पाणी दूर होतं. वऱ्हाडात पाणी एकदा मागे हटलं की पुढल्या मृगापर्यंत तोंड दाखवत नाही. नदीचं पात्र उघडं पडलं की लोक त्यात टरबुजाच्या वाड्या लावतात, लग्नाचे मांडव घालतात. गेलेलं पाणी त्याच दिवशी, जेवणखाण उरकून आल्यासारखं परत येतं, हे दोघांच्या गावीही नव्हतं.

अरीबच्या बोंबेनं ललित जागा झाला. अर्धा किनारा गायब होता. दोन सायकलींची दोन हँडलं आणि दोन सीटं पाण्यावर दिसत होती, आणि एक लाट येऊन गेल्यावर तीही आडवी झाली. दोघं कपड्यांसकट घुसले. ललितची सायकल हलकी, ती निघाली. अरीबची निघेना. गादी पाणी पिऊन म्हशीएवढी जड झाली होती आणि दोरीची गाठ उस्मानभाईंनी बांधलेली होती, ती सुटणं शक्य नव्हतं. शेवटी जाळं खांद्यावर घेऊन चाललेला एक कोळी धावत आला, त्यानं कोयतीनं दोरी कापली आणि तिघांनी मिळून सायकल आणि गादी वेगवेगळी ओढून काढली.

"भरती येते, माहीत नाही?" कोळ्यानं धापा टाकत विचारलं. "रोज येते. दोनदा."

"रोज?" अरीब म्हणाला.

कोळी हसायला लागला, अगदी गुडघ्यावर हात ठेवून. ललितही हसला असता. पण हसून झाल्यावर कोळ्यानं डोळे पुसले आणि विचारलं, "कुठले म्हणायचे तुम्ही?" आणि अरीबनं दमलेल्या आवाजात सांगून टाकलं. कोळ्याचं हसू उतरलं. "अरेरे. तुमच्याकडे तर फार वाईट चाललंय म्हणतात. औषध पितात ना?"

ललित सायकल घेऊन चालू लागला.

पुढची वाट सगळी चिडचिडीची. चेनमध्ये वाळू गेली होती, ती दर फेरीला दात खाल्ल्यासारखी करकरत होती. ललितचे गिअर अडकून एकाच जागी बसले, तेही नेमके उतारावरचे. गादी पिळायचा प्रयत्न केला, पण पिळून पिळून हात दुखले आणि गादीतून पाणी निघतच राहिलं. टाकून दे म्हटलं तर अरीब ऐकेना, बापानं स्वतःच्या हातानं भरलेली म्हणे. ती दोघांच्या सायकलींवर आडवी टाकून, मध्ये पालखीसारखी धरून त्यांनी श्रीवर्धनचा चढ चढला. मोटारीतून जाणाऱ्या मुंबईच्या एका कुटुंबानं काच खाली करून त्यांचा फोटो काढला.

"तुह्या तोंडाले कुलूप का लागत नाही?" ललित अखेर फुटला. "एक शब्द पोटात ठेवता येत नाही तुले?"

"माह्यावर काहून चिडतं? लोकायले आपल्या गावाचं तेवढंच माहीत आहे, ते तेवढंच विचारतात. वाईटानं नाही विचारत कोनी."

"मले माहीत आहे वाईटानं नाही विचारत!" ललित इतक्या जोरानं ओरडला की बांधावरचा बगळा उडाला. "मी रोज तेच पायतो बे. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. स्वप्नात बी अंगणात बसून असतो मी. एक दिवस मागून राहिलो. एक. ज्या दिवशी माह्या कानावर ते येनार नाही. हे एवढं जास्त आहे का?"

अरीबनं गादीचा जड भाग आपल्या बाजूला ओढून घेतला.

बागमांडल्याच्या धक्क्यावर पोचले तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता आणि शेवटची होडी खाडीच्या मधोमध होती. तिच्यावरचे लोक स्पष्ट दिसत होते. ललितनं हात हलवला. कुणी तरी उलट हात हलवला, निरोप दिल्यासारखा. होडी पलीकडे गेली. ललित धक्क्याच्या दगडावर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. एवढीशी खाडी. ओरडलं तर पलीकडे ऐकू जाईल एवढी.

धक्क्याशेजारी झावळ्यांच्या छपराखाली एक बाई मासे तळत होती. वय पन्नाशीचं, अंगानं काटक, आवाज खणखणीत. तिनं एकदा दोघांकडे पाहिलं, एकदा सायकलींकडे, आणि तिथूनच ओरडली, "आधी गोडं पाणी मारा त्या लोखंडावर! खारं पाणी राहिलं तर उद्या नुसता गंज उचलून न्याल. ती मागं विहीर. आणि ते भिजलेलं काय आहे ते कुंपणावर टाका, माझ्या दारात नको."

दोघांनी निमूट ऐकलं. विहिरीचं पाणी शेंदून सायकली धुतल्या. तिनं तळणीतलं उरलेलं थोडं तेल वाटीत आणून दिलं, चेनीला लावायला. गादी कुंपणावर चढवायला स्वतः हात लावला आणि "ह्यात काय दगड भरलेत का रे?" म्हणून अरीबला चांगली हसली. तिचं नाव लीलाबाई. हे तिनं आपणहून सांगितलं. त्यांचं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

"होडी आता सकाळी. भात आहे, बांगड्याचं कालवण आहे. जेवा आणि ओटीवर पडा. घरात मी एकटीच, अडचण काही नाही."

त्यांनी पाय धुतले आणि ते चुलीपाशी बसले. ललित वाट बघत होता. भात वाढताना ती विचारील असं त्याला वाटलं. नाही विचारलं. अरीबनं, "मले अजून जरासं कालवन द्या ना मावशी," म्हटलं तेव्हा तर आता मान तिरकी होणारच म्हणून तो श्वास रोखून बसला. तिनं डाव भरून कालवण वाढलं आणि म्हणाली, "काटे सोडवून खा, पोरा, सवय नसेल तुला." बस. मग ती बर्फ महाग झाला त्यावर बोलली, धक्क्यावरच्या मांजरांवर बोलली, पलीकडच्या गावातल्या एका बाईशी तिचं पाच वर्षांचं भांडण होतं त्यावर बोलली, आणि मध्येच ललितच्या ताटाकडे पाहून, "लाजतोस काय रे, मेल्या, घे की," म्हणून आणखी भात घातला.

ललितच्या खांद्यांवरून दिवसाचं ओझं उतरत गेलं. इथे तो कुणीच नव्हता. तलाठी नव्हता, विदर्भ नव्हता, नुसता एक भुकेला मेला होता. त्याला तिचे पाय धरावेसे वाटले. त्यानं खांबाला पाठ टेकली आणि चुलीच्या उजेडात तिचं बोलणं ऐकत राहिला. मिळाला तो कोरा दिवस, त्याला वाटलं. उशिरा का होईना, मिळाला एकदाचा.

"पूर्वी ह्या चुलीवर मोठी हंडी असायची," लीलाबाई सांगत होती. "आमचे होते तेव्हा दोन माणसं होडीवर, दोन जाळ्यांवर. ते गेले ते गेल्या नारळी पौर्णिमेनंतर, पहिल्याच खेपेला. होडी सापडली, ते नाही सापडले." हे तिनं बर्फाचं सांगितलं त्याच आवाजात सांगितलं आणि बांगडा उलटला.

"होडी कुणाच्या नावावर होती?" ललितनं विचारलं.

अरीबचा हात ताटातच थांबला.

"त्यांच्याच," लीलाबाई म्हणाली.

"पीत होते का?" आवाज मऊ होता, बेताचा होता, मान जराशी खाली. अंगणाअंगणांत बसून ललितनं कमावलेला आवाज. "आदल्या दिवशी घरात काही बोलाचाली?"

"ललित्या," अरीब पुटपुटला.

ललितला तेव्हा ऐकू आलं, आपण काय बोललो ते. "मावशी," तो घाईनं म्हणाला, "राहू द्या. मी सहजच... तोंडातून निघून गेलं. नका सांगू."

पण लीलाबाईनं डाव खाली ठेवला होता. हात पदराला पुसले होते. चुलीपाशी गुडघा वर करून बसलेली ती बाई आता मांडी घालून, पाठ ताठ करून बसली. खांद्यावरचा पदर तिनं डोक्यावर ओढून घेतला. मघापासून एवढी बोलत होती, पण आता जो आवाज आला तो बारीक होता आणि ललितला तो पुरता ओळखीचा होता.

"पीत नव्हते, साहेब. सणासुदीला थोडी, तेवढीच."

"मी साहेब नाही हो, मावशी. सायकलवर फिराले आलो मी."

"बोलाचाली झाली होती. पण ती पोरीच्या लग्नावरून, तसली नाही." ती त्याच्याकडे बघत नव्हती, त्याच्यासमोरच्या जमिनीकडे बघत होती. "तेव्हा विचारायला आलेले, त्यांनाही हेच हवं होतं. मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. माझी चूक झाली. आता नीट सांगते, साहेब. तुम्ही लिहून घ्या."

"मावशी, ऐका तं..."

"सकाळी ते चहा न घेताच निघाले," लीलाबाई म्हणाली, आणि पहिल्यापासून सांगू लागली.